मापाचा कागद

तिनं पहिल्यांदा पाऊल टेकवलं
तेव्हा कागदच पुरला नाही.
दुसरा चिकटवला. मग कडेला अजून एक पट्टी.

सोदोच्या दवाखान्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये
मी जोडे शिवतो,
बाजारात ज्या पायांचं माप नसतं, त्यांचे.
पेन्सिल अंगठ्यापासून निघाली
आणि दर बोटाशी अडखळली.
गाठीवर गाठ, दगडावर वाळलेल्या शेवाळासारखी
खरबरीत, खवल्याखवल्यांची कातडी,
घोट्यापाशी घड्या, घड्यांत लाल माती.
आणि वास.
मी तोंड फिरवलं नाही.
खोटं कशाला सांगू, फिरवलं,
खिळे शोधतोय असं दाखवून.

"शोध सावकाश," बालायनेश म्हणाली.

चाळीस वर्षं अनवाणी. एन्सेटच्या बागेत,
जी केळीसारखी दिसते पण केळं धरत नाही,
डोंगरउतारावरच्या लाल मातीत.
जिनं पोसलं, तीच तळव्यातून आत शिरली
कणाकणानं.
गाव म्हणालं, शाप.
कुणी म्हणालं, मेलेल्या सापावर पाय पडला असेल.
लेकीच्या लग्नात ही चुलीपाशी बसून राहिली,
पाय पोत्याखाली,
व्याह्यांना निरोप: आई तापानं फणफणलीय.

नर्स वोर्केनेश सांगते तसं ती करते.
बादली, साबण, ब्लीचचे थोडे थेंब,
बोटांच्या बेचक्या कोरड्या, मग मलम.
रोज. सणालासुद्धा.

तिचे पाच कागद माझ्याकडे खिळ्याला टोचलेत.
दर साली रेघ जरा आत सरकते.
पहिला कागद म्हणजे कुठल्यातरी बेटाचा किनारा,
पाचव्यावर बोटं मोजता येतात.
बरा झाला असं म्हणत नाही मी.
पाऊल दिसतं, एवढंच.

परवा आली. मीठ घातलेली कॉफी प्याली. म्हणाली,
"उकुमो, तुझे उपकार कसे फेडू?
माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी..."
आणि मधेच थांबली.
पायाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
"टिकतील मात्र," मी म्हणालो.
मग ती अशी हसली
की शेजारचा सुतार रंधा टाकून बघायला आला.

जाताना वीतभर कागद पुढं केला,
घरीच कोळशानं आखलेला:
नातवाचं पाऊल.
सरळ, गुळगुळीत रेघ, कुठंच न अडखळलेली.
"बोटभर मोठे शिव, वाढतोय."

शिवले. पुढं कापूस भरला.
शनिवारी बाजाराच्या वाटेवर तो दिसला,
जोडे गळ्यात, नाडीला नाडी बांधून,
लाल चिखलात उड्या मारत.
आणि मागून ती,
पाठीवरचं ओझं वाटेत टाकून,
माझ्या त्या जाडजूड जोड्यांत
धप्प धप्प धप्प,
शिव्या देत, पळत.

डावा टाका उसवतोय, माझ्या लक्षात आलं.
हाक मारली नाही.