एकशे ऐंशी किलोच्या आत

एकतीस वर्षं मी ओझं वाढवलं.
कुपवाडच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या.
पाच टनाची सांगा, आम्ही दहाची करून देणार,
कारण ट्रॅक्टरवाला मोळ्या मोजत नाही
आणि रात्री दोन वाजता एक्सल तुटला
की वेल्डरच्या नावानंच शिव्या घालतो.
अँगलवर अँगल, पट्टीवर पट्टी,
जड झाली तर झाली
एवढंच माझं शिक्षण.

आता साठीनंतर चौकटीच्या वहीत
उलटा हिशोब.
एक इंची चौकोनी पाइप, अठरा गेज,
पंच्याहत्तर फूट : एकवीस किलो.
चार एमएमचं प्लाय, चार शीट : अठ्ठावीस.
चाकं स्कूटरची, भंगारातली. बेअरिंग मात्र नवी.
ओढणार कोण, तर आमची दोन हजार सातची अल्टो,
जी दंडोबाच्या चढाला
नुसत्या आम्हा दोघांनाच धापा टाकते.

पद्मल म्हणाली, स्टोव्ह?
लिहिला.
कुकर?
लिहिला, शिट्टीसकट.
खलबत्ता?
मी पेन्सिल खाली ठेवली.
मुबारक भंगारवाल्याच्या काट्यावर
तिच्यादेखत वजन केलं. सव्वातीन किलो.
"आता तुमचा पान्ह्यांचा डबा घाला की," ती म्हणाली.
घातला. अकरा.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.
मुबारकनं चहा मागवला.

मिरजेला दस्तगीरकडे गेलो.
शाळेत एका बाकावरचे आम्ही, तो सतारी करतो.
तबलीची फळी त्यानं दाराच्या उजेडात धरली,
बोटानं टिचकी मारली, ऐकली,
आणि आणखी थोडी तासली.
मला राहवेना. "अरे, मोडेल की!"
"जाड ठेवली तर मोडणार नाही," तो म्हणाला,
"पण बोलणार पण नाही.
पातळच ठेव, फक्त बाक दे.
सपाट ते लेचंपेचं, वाकलेलं ते ताठ."
बस सुटेपर्यंत मी त्याचा रंधा बघत बसलो.
घरी येऊन छपराची सरळ रेघ खोडली,
ताटलीच्या कडेवरून नवी काढली.

मग उंची.
"अडीच फूट पुरे," मी म्हणालो,
"वारा कमी, वजन कमी. झोपायचंच तर आहे."
ती काही न बोलता भिंतीला टेकून खाली बसली,
दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला,
अंबाडा सोडला
आणि पुन्हा बांधायला कोपरं वर नेली.
"इथं खूण करा."
केली. छत्तीस इंच.
त्या वरच्या सहा इंचांचे सव्वातीन किलो,
म्हणजे एक खलबत्ता.
पान्ह्यांचा डबा त्या रात्री
साडेसात किलोवर आला.

रविवारी शेड बंद. मागच्या फरशीवर
मार्किंगच्या खडूनं आख्खा साचा काढला,
सात फूट बाय चार.
इथं दार, इथं स्टोव्ह, उशाकडे हुक.
"वजनाचा दहावा हिस्सा हुकावर पाहिजे,
नाहीतर मागून शेपूट हलवत येते,"
मी सांगत होतो, हातवारे करून,
सगळी ट्रॉलीतली अक्कल.
तिनं चप्पल काढली,
दारातूनच आत गेली, रेघ ओलांडली नाही,
आणि आडवी झाली.
"जायचं कुठं, ते लिहिलंय का?"

वही चाळली.
रिव्हेटचे भाव होते, बेअरिंगचे नंबर,
आरटीओतल्या खैरमोडे साहेबांचा फोन,
त्याखाली दोनदा : विचारणे.
गावाचं नाव एकही नव्हतं.

मी पण चप्पल काढली. शेजारी पडलो.
फरशी दुपारची, अजून कोमट.
पलीकडच्या फाउंड्रीची पाळी सुटली,
सायकली, मोटरसायकली, कुणीतरी कुणाला हाक मारली,
मग ते पण गेलं.
डोक्यावर पत्रा, पत्र्याला जुनं भोक,
भोकात जांभळं काहीतरी.
चांदोली म्हणावं का, की कासकडे,
की आधी नुसतं दंडोबापर्यंत...

"हात आत घ्या," पद्मल म्हणाली,
डोळे मिटूनच.
"तुमचा हात रस्त्यावर आलाय."