कडेला रंग पातळ असतो

अक्कलकोट रोडला, वजनकाट्याच्या मागं
दोन वर्षं एकाच कुशीवर उभा होता हा ट्रेलर.
मावळतीकडची बाजू पार विटलेली.
लाल म्हणायचं म्हणून लाल.
बोट ओढलं की बोटाला भुकटी,
खडूसारखी, फक्त गुलाबी.

रेवणसिद्ध बिराजदार म्हणाला, "नवाच मारू का रंग, मामा?
शेळगीचा तो चाळीस हजार सांगालाय."
मी नखानं खरवडून बघितलं.
मेला नव्हता रंग. वरची साय तेवढी मेलेली.
"आठ दिवस दे," म्हटलं, "आणि सावली दे."
आठ दिवस त्यानं दिले.

मग काय, पहाटे साडेपाचला यायचं,
नऊला पत्रा हाताला चावायला लागला की थांबायचं,
चहा, विडी, काट्यावरच्या गाड्या मोजणं,
पुन्हा पाचनंतर.
एप्रिलात सोलापूरचं ऊन मेण लावू देत नाही,
डब्यातच पाणी करतं त्याचं.

सव्वीस वर्षं मी रंगखान्यात होतो.
वाफेत. हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी मोरपंखी.
रोजची परीक्षा एकच:
रंगवलेला टॉवेल पांढऱ्या चिंधीवर घासायचा,
चिंधी पांढरीच राहिली तर माल पास.
इथं चिंधी लाल झाली की मला बरं वाटतं.

चिंध्या मात्र त्याच.
टॉवेलांचे तुकडे, किलोवर मिळतात एमआयडीसीत.
परवा एक हातात आला, काठाला बारीक नक्षी,
तो हिरवा माझ्याच हाताखालचा असावा
असं उगीच वाटलं.
उलटा करून त्यानंच डांबराचे डाग काढले, रॉकेलनं.

पहिल्या दिवशी एक चौकोन केला, वीतभर.
पाणीपेपर दोन हजार नंबरचा, वर कंपाउंड,
आणि मग आडवा, उभा, आडवा हात.
चौकोन असा पेटला
की उरलेले चाळीस फूट आणखीनच मढ्यासारखे दिसायला लागले.
गौस बघत राहिला. "चाचा, ये नहीं करते तो अच्छा था."
त्याचं खरं होतं.
आता मागं फिरता येत नव्हतं.

त्याच्या हातात मी मशीन दिलं तिसऱ्या दिवशी.
सांगितलं होतं, मध्ये दाब, कडेला हात हलका,
कडेला रंग पातळ असतो.
पोरगं एकोणीस वर्षांचं, मशीन गुरगुरतंय, कुणीतरी रस्त्यावरून हाक मारली.
मागच्या कोपऱ्यावर
आठ आण्याएवढा पांढरा प्रायमर वर आला.
तळहातानं झाकून उभा राहिला तो,
मला दिसू नये म्हणून, अर्धा तास.

मी काही बोललो नाही.
सत्त्याऐंशी साली मीही एक अख्खी कढई नासवली होती,
काठ जास्त रंग पितो हे माहीत असून.
मास्तर नरसय्या येमूल आले, बघितलं,
चष्मा पुसला आणि म्हणाले, जेवलास का.

घरी ही माझे हात बघून म्हणाली,
"रंगखाना चालू झाला की काय परत?"
मी लिंबू मागितलं. नखातला लाल
लिंबानंही जात नाही.

आठव्या दिवशी मावळतीच्या बाजूला
उलटं आभाळ दिसत होतं,
वजनकाट्याची खोली, टायरवाल्याचा कडुलिंब,
आणि मधे एक लांबट माणूस, कपाळ पसरलेलं.
मी सरकलो तर तोही सरकला.

रेवणसिद्ध भोवती दोन चकरा मारून म्हणाला,
"मामा, चमकालंय की!"
कोपऱ्याशी थांबला. बोट ठेवलं त्या पांढऱ्यावर.
गौस बादलीत बघू लागला.
"हे?"
"ते माझं," मी म्हटलं.
त्यानं मिशीवरून हात फिरवला,
शंभराची एक नोट मोजून मागं ठेवली,
बाकीचे दिले.

ट्रेलर हैदराबाद रोडला लागला.
गौस म्हणाला, चाचा, वो सौ मैं देता.
मी म्हटलं, आधी मशीन धू.
लोकर वाळली की दगड होते.