हातात किती पडतात

सोहारच्या बंदराबाहेर, चौथ्या फाटकाच्या रांगेत
नवा पोरगा विचारतो, मामू, हातात किती पडतात?
मुदस्सर नाव. खेडकडचा. हेवी लायसन आठ दिवसांचं,
अजून क्लचवर पाय ठेवतो
परक्याच्या उंबऱ्यावर ठेवल्यासारखा.

कागदावर एकशेवीस रियाल, मी म्हणतो.
फेरीचे वेगळे. खतमतपर्यंत चार.
सलालाला तीस, पण सलाला लाडक्यांना मिळते,
म्हणजे ऑफिसातल्या तुलसीधरनच्या गाववाल्यांना.
आणि फेरी कधी मोजतात तेही ऐकून ठेव:
पावतीवर शिक्का पडला की.
त्याआधी तू जिथे आहेस तिथे नसतोस.
परवा मी इथेच एकोणीस तास नव्हतो.

एसी? इंजिन चालू असेल तर.
इंजिन चालू असेल तर डिझेल,
आणि डिझेल ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं, बसल्या जागी.
फोन येतो, अरे, उभी गाडी पितेय किती?
म्हणून आम्ही ट्रेलरखाली पुठ्ठा टाकतो.
दुपारची सावली चार चाकांएवढी.
पुढच्या दोन चाकांत गुलझमीन, मागच्या दोनांत मी,
मध्ये पाण्याचा जार, जारला ओलं गोणपाट.
त्याची पश्तो आणि माझी दाभोळची बोली
एकमेकींना ओळखत नाहीत.
फक्त मधे कुणी गाडी घुसवली
की दोघींच्या तोंडून एकच शिवी निघते.

कापतात. कापतात तर.
टायर फुटला की इंग्रजीत कारण लिहितात,
खाली तेच अरबीत, त्याखाली माझी सही.
लायसनची फी पहिले दहा महिने.
एकदा आरशाचे, उंटामुळे.
उंट वाचला म्हणून आरशावर भागलं;
उंटाचा भाव विचारू नकोस,
तो आपल्यापेक्षा जास्त आहे.

पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो.
सांभाळायला ठेवलाय, म्हणतात.
माझी नजमाही लॉकरची चावी सांभाळायलाच ठेवते,
पण मागितली की देते.

दाभोळला वरचा मजला झालाय माझा.
जिन्याला सतरा पायऱ्या, धाकटीने फोनवर मोजून सांगितल्या,
धापा टाकत, एकेक.
मी अजून एकही चढलेलो नाही.

मग राहता कशाला, असं तो विचारत नाही.
विचारेल, दोन वर्षांनी, स्वतःला.

काट्याचं मात्र सांगतो त्याला.
गाडी आधी रिकामी चढते, मग भरून.
वजाबाकी म्हणजे माल.
रिकामी मोजतात तेव्हा मी आतच असतो,
डबा, चपला, तसबी धरून चौऱ्याहत्तर किलो.
तेवढा मी रिकाम्या गाडीत मोजला जातो.
अकरा वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
एकदा भरलेली गाडी काट्यावर ठेवून
पाणी घ्यायला उतरलो, तर काट्यावरची शमसा
खिडकीतून हात हलवत ओरडली,
चढ वर, चढ, बस आत!
तू उतरलास की माल कमी भरतो.
तेव्हा हसलो. तीही हसली.
रात्री पुठ्ठ्यावर पडल्यावर
ते वाक्य परत परत काट्यावर चढत राहिलं.

पोरगा ऐकतोय की नाही, कळत नाही.
पावतीच्या पाठीवर गुणाकार चाललाय त्याचा,
चार गुणिले महिन्याच्या फेऱ्या, अधिक एकशेवीस,
मग सगळं रुपयांत.
आकडा मला दाखवतो. आकडा चांगला आहे.
जेवण धरलेलं नाही त्यात,
आणि रोज एक फेरी होईल असं धरलंय.

सांगणार, तेवढ्यात पुढचे लाल दिवे विझतात.
रांग हलते. तो पळत जाऊन वर चढतो,
गाडी एक हिसका खाते आणि बंद पडते.
हळू सोड, मी ओरडतो, क्लच हळू सोड, बाबा,
मागे चाळीस गाड्या आहेत.