ईलीच्या अलीकडे चाळीस मैल

आधी वास आला. गोडसर,
पाक करपल्यासारखा.
मी म्हटलं, व्हर्लिन, काहीतरी जळतंय.
तो म्हणाला, बाहेरचं असेल.
बाहेर काय होतं जळायला?
सेजब्रश, खारट माती, नेवाडाचं आभाळ
आणि पन्नास नंबरचा रस्ता,
पट्टी ठेवून ओढलेला
आणि मग पट्टी उचलायलाच विसरलेला.

काटा लाल घरात गेला.
आमचं घर, बत्तीस फुटांचं, पडदे-बिडदे लावलेलं,
खांदे पाडून कडेला उभं राहिलं.

चौतीस वर्षं शाळेची बस चालवलीय याने टोलेडोत.
इंजिन तापलं की झाकणाला हात लावायचा नाही,
हे नव्या ड्रायव्हरांना यानेच शिकवलेलं.
लावला.

मनगट भाजलं. मी फ्रीजरमधली मटारची पिशवी
टॉवेलने बांधून दिली.
हिरवं पाणी डांबरावरून वाहत
चराकडे निघालं होतं, घाई नसल्यासारखं.
फोनला रेंज नाही.
एकमेकांना काही बोलावं
तर तेही टोलेडोतच बोलायला हवं होतं,
किल्ल्या देण्याच्या आधी.

तासाभराने घोड्यांचा ट्रेलर ओढणारी एक बाई थांबली.
गावात सांगते, म्हणाली,
आणि पाण्याच्या दोन बाटल्या पायरीवर ठेवून गेली.
नाव विचारायचं राहून गेलं.

बेन्यात एचेव्हेरी आला तेव्हा ऊन कलत होतं.
तिशीही न गाठलेला पोरगा. खाली सरपटला,
बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.
वॉटर पंप, म्हणाला. सॉल्ट लेकहून मागवू.
गुरुवारी येईल.
व्हर्लिनने दोनदा विचारलं, पण चालेल ना ही?
चालेल, चालेल.

मग त्याच्या आवारात, दोन गंजक्या बेलरच्या मधोमध,
शेडमधून ओढलेल्या वायरवर आमचा दिवा.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा
रात्री खिडकीत जे होतं तेच सकाळी होतं:
टायरांचा ढीग,
आणि सगळ्यात खालच्या टायरातून वर आलेलं
हडकुळं सूर्यफूल.
मी त्याला भांडी विसळलेलं पाणी घातलं.
दुसऱ्या दिवशीही घातलं.

बेन्यातचे वडील, मार्टिन, बुधवारी आले.
पूर्वी या डोंगरांत मेंढ्या राखायचे, 
उन्हाळाभर एकटे.
लोखंडी पातेलं जमिनीत पुरून भाजलेला पाव आणला होता,
उशीएवढा. सुरीने त्यावर फुली मारली,
पहिला तुकडा तोडला आणि विचारलं, तुमचा कुत्रा कुठाय?
पहिला घास कुत्र्याचा. मेंढपाळाची रीत.

कुत्रा नाही म्हटल्यावर
तुकडा हातात धरून उभे राहिले म्हातारबा,
आयुष्यात ही वेळच आली नव्हती जणू.
शेवटी व्हर्लिनला दिला, भाजल्या हातात.
आणि तो, ज्याला कशाचीही पहिली फोड
दुसऱ्याला द्यायची सवय नाही, 
मान खाली घालून खात राहिला
बराच वेळ.

गुरुवारी खोकं आलं.
आमची गाडी चौऱ्याण्णवची, पंप सत्त्याण्णवचा.
छिद्रं जुळेनात. बेन्यातने फिरवून पाहिला,
उलटा धरून पाहिला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.
व्हर्लिनने सॉल्ट लेकला एक शिवी हासडली.

सोमवारपर्यंत थांबावं लागेल, बेन्यात म्हणाला,
कानापर्यंत लाल होऊन. परत पाठवतो,
नवा मागवतो, जागेचे पैसे घेणार नाही.

चालेल, मी म्हटलं.

जरा जास्तच पटकन म्हटलं असणार.
व्हर्लिनने खोक्यातून डोकं वर काढून
माझ्याकडे पाहिलं.