चावी

सव्वीस वर्षं मी राकसकोपचं पाणी
गल्लीगल्लीला वाटून दिलं.
खांद्यावर लोखंडी चावी, टीच्या आकाराची.
पाच आटे उजवीकडं, वडगाव.
तीन आटे, खासबाग.
पहाटे चारला नळातून जो आवाज यायचा,
आधी खोकला, मग वारा, मग पाणी,
त्या आवाजावरून बाया मला ओळखायच्या.

"कल्लाप्पा, आज निम्मंच सोडलास काय गा?"
मी काय सोडणार? धरणात असेल तेवढं.
एका मे महिन्यात तर अकरा दिवस
मी कोरड्या पाइपवर चावी फिरवत होतो,
लोकांना वाटावं म्हणून.

निवृत्त झालो तेव्हा कार्पोरेशननं शाल दिली.
चावी परत मागायचं विसरले.

आमच्या कोपऱ्यावर विहीर होती.
होती म्हणजे, तिच्यावर सिमेंटचा कट्टा होता
आणि कट्ट्यावर आम्ही,
रोज संध्याकाळी पाण्याच्या नावानं बोटं मोडत.

निंगव्वाच्या थोरल्यानं तो कट्टा फोडला.
आतून काय निघालं सांगू?
मागाच्या कांड्या, पोतीभर.
प्लास्टरच्या गणपतींचे न विरघळलेले हात.
एक स्कूटरचं चाक. कुणाची तरी पाटी,
तिच्यावर अजून पाढा.
एकोणिसाव्या दिवशी गाळ हाताला गार लागला.
तळात उतरलेला भरमा ओरडला, "बंतु!"
वर उभ्या कुणालाच
त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

मग मागाच्या पत्र्यावर निळ्या काचा आल्या,
सोसायटीच्या कर्जावर.
दुपारी बारा ते तीन ऊन पुरतं,
पण एकालाच. माग, नाहीतर मोटार.
पहिल्या दिवशी निंगव्वानं माग थांबवला,
धोटा काठाच्या मध्येच अडकलेला,
आणि सगळी गल्ली इतकी गप्प झाली
की टाकीत पडणारं पाणी
चौथ्या घरात ऐकू आलं.

भांडणं झालीच. होणारच.
कुणाच्या घरात माणसं किती,
गाडी कुणी धुतली, काच कुणी पुसायची.
ढग आले की आवाज चढतो.
पूर्वी शिव्या राकसकोपपर्यंत पोचवायच्या होत्या,
आता समोरच्या दारापर्यंत.

सांजेला मी चावीला सुतळी बांधतो,
हातहातावर गाठ मारलेली,
आणि विहिरीत सोडतो.
ओल्या गाठी मोजून भिंतीवर खडूनं लिहितो.
काल सात.
आज साडेसहा.
सुतळी सोडताना मनगट अजून
आपसूक उजवीकडं वळतं.
खाली काही उघडत नाही.
लोखंड पाण्याला लागतं, तेवढंच.

मग निंगव्वाच्या दारात जाऊन सांगतो:
उद्या मोटार पाऊणच तास.
तू माग चालव.