तेरा नंबरचा बोल्ट

इंजिन मीच उतरवलं, मीच चढवलं.
हेड घासून आणलं कुताइसीहून,
गॅस्केट नवं, रिंगा नव्या,
आणि पहिल्याच चावीला ते असं लागलं
की त्सियालानं माझ्या शेडच्या दारात
बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले.
सत्त्याण्णवची ओपेल.
मडकी, सुरया, द्राक्षाच्या वेलीचे ठसे उठवलेली ताटं लादून
ती श्रोशाच्या वळणावर जाते, रस्त्याकडेला मांडते,
संध्याकाळी उरलेली परत आणते.
फुटलेली मोजत नाही म्हणते.
मोजते.

तिसऱ्या दिवशी गाडी रांगत परत.
"गिअर बदलत नाही, ओतिया.
चढावरसुद्धा तिसऱ्यातच बसून राहते.
दिवे लावले की घड्याळ मरतं,
आणि उजवीकडे वळायचं म्हटलं
की वायपर हलतो."

मी हसलो. मग तेल पाहिलं:
लाल, स्वच्छ, जळका वास नाही.
फ्यूज एकेक काढून उजेडाला धरले.
बॅटरी बारा पॉइंट सहा, तक्रारीला जागा नाही.
गिअरबॉक्सच्या त्या वीतभर संगणकाला शिव्या घातल्या,
जर्मनांना घातल्या,
माझ्याआधी हात लावणाऱ्या वलिकोला घातल्या
(वलिको जाऊन सहा वर्षं झाली, त्याला काय फरक पडतो)
आणि मग ते वाक्य बोललो
जे बोलायला अक्कल लागत नाही:
"गिअरबॉक्स गेला."

तिनं फक्त विचारलं, किती.
बातुमीच्या भंगारवाल्याला फोन केला,
दिराकडून थोडे उसने घेतले,
बाकीच्यासाठी
भट्टीला रचून ठेवलेली लाकडं विकली.

चौथ्या रात्री झोप येईना.
शेडमध्ये गेलो, खिडकीतून हात घालून चावी फिरवली,
स्टार्टर कण्हत राहिला,
पुढं येऊन वाकलो तर हात
सहज एक्सिलरेटरच्या केबलवर पडला.
भाजला.

केबल कशाला तापेल?
ती ओढायची वस्तू, तिच्यातून वाहत काही नाही.
बोट तोंडात धरून उभा राहिलो
आणि तसाच, बोट तोंडात असताना, कळलं.

वीज जाते ती दहा तारांनी.
परतायला मात्र तिला इंजिनपासून बॉडीपर्यंत
एक विणलेली पट्टी लागते,
दोन बोटं रुंद, काळवंडलेली.
ती खाली लोंबत होती,
इंजिन काढताना मी बाजूला सारली तिथंच.
चार दिवस बिचारा करंट मिळेल त्या वाटेनं घरी चालला होता,
केबलीतून, क्लिपांतून, गिअरच्या दांड्यातून,
वाटेत सगळ्यांना चटके देत.
गाडीत सगळं होतं.
अर्थ नव्हता.

आणि बोल्ट? हलव्याच्या रिकाम्या डब्यात.
तेरा नंबरचा.
पहिल्या संध्याकाळी तो हातात उरला होता
आणि मी स्वतःला म्हणालो होतो, जास्तीचा असेल.
चाळीस वर्षांत एकही बोल्ट
जास्तीचा निघालेला नाही.

गंज घासला, पट्टी लावली, कसली.
दोन मिनिटं. त्यातलं एक हात पुसण्यात गेलं.
रस्त्यावर नेली:
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
असे पडले की कळूच नयेत.

पहाटे साडेपाच.
म्हणता आलं असतं, संगणकाची एक तार होती, नेमकी सापडली.
ती वाइन घेऊन आली असती,
गावभर सांगितलं असतं, ओतियाचे हात म्हणजे.
फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

"त्सियाला, बातुमीवाल्याला थांबव.
गिअरबॉक्स धड आहे. चूक माझी. एक बोल्ट."

तिच्या अंगणात कोंबडा आरवला.
मग दुसरा.
"लाकडं तर विकून झाली," ती म्हणाली.
"हो."
"तुझ्या शेडमागं बीचचं सरपण आहे ना?"
"आहे."
"सात वाजता येते.
गाडीला ट्रेलर जोडून ठेव."