डावीकडून तिसरा

सकाळी सातला बातम्या. कुठेतरी पूल खचलाय.
निवेदिकेच्या जाकिटाचा रंग लिंगोनबेरीच्या मुरंब्याचा.
माझा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर,
घरी उतरलेल्या अबोल पाहुण्यासारखा.
पेपरातल्या कार्यक्रमांच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा:
नऊला बागकाम. इथे कुहमोत बाहेर उणे बावीस,
आणि तो गृहस्थ टोमॅटोच्या रोपांशी लाडीगोडी लावतोय.
साडेदहाला स्वयंपाक. बाईने बटाटा सोलला तो असा,
की निम्मा सालीबरोबर गेला.
ओरडून सांगितलं तिला. ऐकेल तर शपथ.

एक वाजता मात्र कुणी बोलायचं नाही.
एकला तो कृष्णधवल सिनेमा, नदीतून ओंडके नेणाऱ्यांचा.
दोन-तीन वर्षांनी एकदा लागतो, गोष्ट तीच:
मोठ्या शेताच्या मालकाची मुलगी,
ओंडक्यांवरून नाचत येणारा फाटका पोर,
बाप आधी नाही म्हणतो.
मला त्या पोराशी देणंघेणं नाही. पोरीशीही नाही.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला नदी वळते,
काठावर गडी उभे असतात, राईचा पाव खात.
डावीकडून तिसरा आउलिस.
चार सेकंद.
एकोणीस वर्षांचा. माझी त्याची ओळखही नव्हती तेव्हा.
दिवसाचे किरकोळ पैसे आणि वाटाण्याचं सूप, एवढ्यावर उभा राहिला.
टोपी त्याची नाही, कंपनीची.
ओळखीचं असं एकच, त्याचं चावणं:
उजव्या बाजूने, डावी दाढ दुखायची म्हणून.
जन्मभर दुखली. काढून म्हणून घेतली नाही.

चाळिसाव्या मिनिटाला बेल वाजली.
कुबड्या शोधल्या. एक सापडली.
दारात वरच्या मजल्यावरचा सोइनी, हातात पिशवी,
मासे, सकाळचेच, बर्फाला भोक पाडून धरलेले.
मग माझ्या पायाची चौकशी,
मग त्याच्या गाडीची बॅटरी, पहिल्यापासून.
माणूस इतका चांगला, की दार लावता येईना.
परत येईपर्यंत
नदी सरळ झाली होती
आणि बाप हो म्हणत होता.

रागावणार कुणावर?
मासे साफ केले. एकाच्या पोटात अंडी निघाली.
तीनला अंधार पडला, तेव्हा उंच घसरगुंडीवरून उडी घेणारी पोरं,
हवेत पुढे झुकलेली,
खालून कुणी हळू आवाजात काही सांगतंय तशी.
पाचला परदेशी सिनेमा. तोंडं वर, अक्षरं खाली,
दोन्ही एकदम कुणाला दिसलीत?
मी अक्षरं वाचली. कोण मेलं ते कळलं, कसं ते राहिलं.

आठला हेलसिंकीहून नाच. कोपऱ्यात लाल चौकटीत लिहिलेलं: थेट.
मला यातलं कळत नाही, मी पोस्टात होते.
संगीत नाही. सात बायका, राखाडी कपडे,
नुसती पावलं आणि श्वास.
मग एकीच्या केसांतली पिन सुटली.
टिक्.
एवढासा आवाज, आणि माझ्या खोलीत आला.
कुणी थांबलं नाही. पण तिथून पुढे
प्रत्येक टाच त्या पिनेला चुकवून पडू लागली,
वर्तुळ एका बाजूला कललं,
शिकवलेलं नव्हतं असं काहीतरी त्या नाचू लागल्या.
मी कुबडी घट्ट धरून बसलेली: सांभाळ गं. आता तू. आता तू.
शेवटी सगळ्या वाकल्या,
तेव्हा उजवीकडून दुसरी जरा जास्तच वाकली,
उठली ती मूठ मिटून.
टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिलं असेल?

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत:
दुपारचा सिनेमा पुन्हा, मध्यरात्रीनंतर एक दहाला.
गजर लावला. मग काढून टाकला.
आउलिस आहेच तिथे, त्याच टोपीत, उजव्या बाजूने चावत,
त्याला कसली घाई.
पिनेचं मात्र
आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायला हवं.
वर सोइनीचा दिवा जळतोय.
एक पाय स्टुलावर ठेवूनच
झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकलं.